आपले सण, आपला हिशेब

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

 

मी काही वक्ता नव्हे. माझी उभी हयात कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. समितीची पोरं घरी आली आणि म्हणाली, "काका, वीस-बावीस वर्षं तुम्ही जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवला. आपल्या वसाहतीतल्या वर्षभराच्या सणांवर तुम्हीच दोन शब्द बोला." मी म्हटलं, बाबांनो, मला आकडेमोड येते, भाषण येत नाही. तर एक पोरगं म्हणालं, "मग आकडेमोडच सांगा." म्हणून उभा राहिलो. चूकभूल पदरात घ्यावी.

काट्यावरचं काम तुम्हाला ठाऊक आहे. उसाची गाडी येते. भरल्या गाडीचं वजन होतं. गाडी गव्हाणीकडे जाते, ऊस खाली होतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. तिचंही वजन होतं. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की खरा ऊस किती आला ते कळतं. गाडी कितीही मोठी असो, तिला कितीही रंग दिलेला असो, काट्याला त्याचं काही नाही. तर सणांचंही असंच आहे, असं मला अलीकडं वाटू लागलंय. मांडव उतरला, लाइटिंग निघालं, वाजंत्री गेली, म्हणजे गाडी रिकामी झाली, की मग बघायचं, वसाहतीत मागे काय उरलं? जे उरलं तेवढाच आपला सण. बाकी गाडीचं वजन.

पण त्याआधी मुळात सण म्हणजे आपल्या लोकांना काय होता, हे तरुण मंडळींना सांगितलं पाहिजे.

माझी आजी सांगायची. ती लहान असताना सण आला की तिची आई डोक्यावर बुट्टी घ्यायची आणि पोरीचा हात धरून गावात जायची. बेंदूर असो, होळी असो, दिवाळी असो. दारात जायचं नाही, दारापासून लांब उभं राहायचं आणि हाळी द्यायची. आतली बाई उरलंसुरलं वरून टाकायची. कुणाकडची पोळी, कुणाकडचा भात, सगळं एकाच बुट्टीत. घरी येऊन ते वाळवून ठेवायचं आणि पुढं चार दिवस पुरवायचं. आजी म्हणायची, "लेकरा, आमाला सण म्हंजी दुसऱ्याचं दार. आपल्या घरात सण कवा आलाच न्हाई."

शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन बंद करून त्या जमिनी रयताव्यानं लोकांच्या नावावर केल्या. आपला पन्हाळा भाग तेव्हा करवीर संस्थानातच होता. पण कायदा एका दिवसात होतो, रीत जायला पिढी जाते. बुट्टी त्यानंतरही बरीच वर्षं फिरली.

मग आपला सण आपल्या घरात आला कधी? आपण पटकन सांगतो, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. ते खरंच आहे. पण त्याची एक मुळी आपल्याच जिल्ह्यात आहे. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव इथून काही फार लांब नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. गावच्या आप्पासाहेब दादागोंडा पाटलांनी पुढाकार घेतला होता. अध्यक्ष होते बाबासाहेब. वय वर्षं अठ्ठावीस. शाहू महाराज स्वतः आले आणि लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. हा भाग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, दरवर्षी कुणी ना कुणी सांगतंच.

पण त्या परिषदेतला एक ठराव आपण फारसा सांगत नाही. ठराव असा, की शाहू महाराजांनी आपल्या राज्यात बहिष्कृतांना समानतेचे हक्क दिले, म्हणून त्यांचा वाढदिवस प्रत्येक बहिष्कृतानं सणाप्रमाणे साजरा करावा. बघा हं, काय केलं त्या माणसांनी! ज्यांना सण म्हणजे दुसऱ्याचं दार एवढंच माहीत होतं, त्यांनी एकत्र बसून, हात वर करून आपला सण स्वतः ठरवला. पंचांग उघडलं नाही. मुहूर्त विचारला नाही. ठराव केला. आपल्या लोकांचा सण पंचांगातून नव्हे, ठरावातून आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कारण जे ठरावानं आलं ते ठरावानं सुधारताही येतं. त्याच्यासाठी कुणा देवाची परवानगी लागत नाही.

त्या ठरावातला दिवस म्हणजे २६ जून. पुढं २००६ पासून सरकारनं तो सामाजिक न्याय दिन म्हणून धरला. म्हणजे माणगावच्या माणसांनी जे ठरवलं होतं, तिथपर्यंत सरकारला पोचायला शहाऐंशी वर्षं लागली.

बाबासाहेबांची जयंतीही अशीच सुरू झाली. पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक जयंती काढली असं सांगतात. आणि कोल्हापूरकरांनी काय केलं? ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसवले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आज आपण जिल्ह्याच्या गावाला जातो, बिंदू चौकात हात जोडतो आणि बस पकडतो. पण घरात पोरांना हे सांगितलं पाहिजे, की हा पुतळा बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखत उभा राहिलेला आहे.

आता आपलं वर्ष कसं जातं ते बघू. १ जानेवारीला भीमा कोरेगावचा दिवस. ३ जानेवारीला सावित्रीमाई. ७ फेब्रुवारीला रमाईची जयंती. २० मार्चला महाडचा सत्याग्रह. ११ एप्रिलला फुले आणि १४ एप्रिलला बाबासाहेब, म्हणजे ते तीन-चार दिवस आपल्याकडं दिवाळीच म्हणायची. त्याच सुमाराला चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा असते. वाडी रत्नागिरीला जाणाऱ्या गाड्या गुलालानं माखलेल्या आणि आपल्या कमानी निळ्या, असा आमच्या रस्त्याचा रंग असतो. मग वैशाखात बुद्ध पौर्णिमा. पांढरी कपडे, खीर, पंचशील ध्वज. २६ जूनला शाहू महाराज. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. मध्येच अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २८ ला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा दिवस. वर्ष संपलं.

आपल्या गावचं आणखी एक वर्ष आहे, ते म्हणजे हंगामाचं. दसरा-दिवाळीला बॉयलर पेटतो, होळी-पाडव्यापर्यंत गळीत चालतं. हंगामात माणसं पाळीत अडकलेली. म्हणून आमच्या काळात ६ डिसेंबरचा कार्यक्रम रात्री, पाळी सुटल्यावर, आणि जयंती मात्र मोकळ्या मनानं, कारण तोवर चिमणीचा धूर कमी झालेला असायचा.

आता काट्यावर चढवू या एकेक गाडी.

पहिली गाडी वर्षावासाची. ह्या गाडीला रंग नाही, आवाज नाही. बुद्धांच्या काळी भिक्खू पावसाळ्यातही फिरायचे. लोकांनी तक्रार केली, की ह्यांच्या पायाखाली कोवळं पीक आणि बारीक जीव चिरडतात. बुद्धांनी ती तक्रार ऐकून घेतली आणि पावसाळ्यात एका जागी राहायचा नियम केला. म्हणजे शेतकऱ्यांच्या तक्रारीतून आपला हा सण झालेला आहे. आपण त्या काळात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली निघालेला तो ग्रंथ. पहिल्या वर्षी वाचायला आम्ही पाच पुरुष होतो आणि ऐकायला पंधरा बायका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक मावशी म्हणाली, "ऐकून कान भरलं, आता मला वाचू द्या." ती प्रौढ शिक्षण वर्गात अक्षरं शिकलेली. बोट ठेवून ठेवून एक पान वाचायला तिनं अर्धा तास घेतला. कुणी हसलं नाही. त्या मावशी आज नाहीत, पण आज विहारात वाचणाऱ्या बायका जास्त आणि पुरुष कमी, हे तुम्ही बघताच आहात. खर्च किती? दिव्याचं तेल आणि चहा. उरलं किती? एका पिढीच्या बायकांचा आवाज. हे रिकाम्या गाडीचं वजन वजा करून उरलेलं आहे.

दुसरी गोष्ट महापुराची. ऑगस्ट २०१९ चा पूर आणि जुलै २०२१ चा पूर आपण विसरणार नाही. २०२१ साली तर आषाढ पौर्णिमा आणि पूर एकाच आठवड्यात आले. वारणाकाठच्या गावांतली पै-पाहुण्यांची माणसं आपल्याकडं चढावर आली. तेव्हा विहारात काय उपयोगी पडलं? जयंतीच्या भोजनदानासाठी वर्गणीतून घेतलेली मोठी पातेली, परात, सतरंज्या. आणि त्याहून जास्त उपयोगी पडली ती माणसं, ज्यांना शे-दोनशे जणांचा स्वयंपाक न बोलता वाटून घ्यायची सवय होती. ही सवय सणांनीच लावलेली. आलेल्यांत सगळ्या जातींची माणसं होती. ताटाला ताट लावून जेवली. कुणी कुणाची बुट्टी धरली नाही.

आणि तिसरं, २०२० साल. त्या वर्षी माणगाव परिषदेला शंभर वर्षं झाली. नेमका २२ मार्चला, परिषदेच्या दुसऱ्या दिवशीच, देशभर जनता कर्फ्यू. पुढं टाळेबंदी. १४ एप्रिलला रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येकानं घरात वंदना घेतली, दारात मेणबत्ती लावली, पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचलं. त्या रात्री मला वाटलं, बाबासाहेबांना हीच जयंती आवडली असती. नंतर स्वतःचाच विचार स्वतः तपासला आणि वाटलं, नाही, हेही अर्धंच खरं. कारण आपण रस्त्यावर निघतो त्यालाही कारण आहे.

आणि इथं मी डॉल्बीवर येतो. कुजबूज सुरू झाली बघा. मला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी जयंतीच्या बैठकीत मी डॉल्बीला विरोध केला. तेव्हा एक पोरगं उठून उभं राहिलं. कंत्राटावर काम करणारं, सरळ पोरगं. म्हणालं, "काका, वर्षभर आम्हाला कोण विचारतं? कामावर नाव घेऊन कोण हाक मारत नाही. ह्या एका दिवशी रस्ता आपला असतो. सगळं गाव खिडकीत येऊन बघतं. तेवढं तरी राहू द्या."

मी गप्प बसलो. कारण तो खोटं बोलत नव्हता. ज्या रस्त्यानं आजीची आई बुट्टी घेऊन कडेकडेनं गेली, त्याच रस्त्याच्या मधून वाजतगाजत जायचं, ह्यात काही चूक नाही. मिरवणूक हा उधळेपणा नव्हे, ती वहिवाट आहे. वहिवाट बंद पडली की रस्ता जातो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. म्हणून मिरवणूक बंद करा असं मी आजही म्हणत नाही, उद्याही म्हणणार नाही.

पण हिशेब ऐका. त्या वर्षी सुपारी ठरली ती वर्गणीपेक्षा जास्त. पोरं म्हणाली, उरलेलं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? डॉल्बीवाल्याचा माणूस दारात येऊन बसायला लागला. आणि आपल्याकडं अभ्यासिकेसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. टेबलं, ट्यूबलाइट, पुस्तकांचं कपाट, एवढ्यासाठी महिला मंडळानं महिन्याच्या महिन्याला जमवलेले. मी त्यातून ते देणं फेडलं. खजिनदार मी होतो, सही माझी आहे. दुसऱ्या कुणाचं नाव मला घ्यायचं नाही. समितीत कुणी विरोध केला नाही हे खरं, पण वही माझ्या हातात होती. अभ्यासिका दोन वर्षं लांबली.

त्याच रात्री आमच्या आळीतली एक मुलगी गच्चीवर बसून कानात कापूस घालून अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी तिचा पदवीचा पेपर. घराच्या काचा थरथरत होत्या. ती काही बोलली नाही, कारण बाबासाहेबांच्या जयंतीत आवाज कमी करा असं बोलायचं म्हणजे समाजाच्या विरोधात बोलल्यासारखं. पुढं बऱ्याच दिवसांनी तिच्या आईनं मला सांगितलं. मला विचाराल तर त्या रात्री आख्ख्या मिरवणुकीत बाबासाहेबांची खरी जयंती ती एकटी साजरी करत होती, आणि तिच्या आड आम्ही येत होतो.

नियम तर आहेच. २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. कुणी म्हणेल, बाकीचे उत्सववाले नियम पाळतात का? नाही पाळत. पण ज्यांच्या बापानं देशाची घटना लिहिली त्यांनी, "दुसरे मोडतात म्हणून आम्ही मोडतो," असं म्हणावं का? आणि बाबासाहेबांनी स्वतः २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावून ठेवलंय, की राजकारणात विभूतिपूजा माणसाला अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. आपण त्यांनाच विभूती करून भिंतीएवढ्या स्पीकरवर बसवलं, तर त्यांचंच म्हणणं त्यांच्याच आवाजात बुडवल्यासारखं होईल.

हलगी घ्या, लेझीम घ्या, झांजपथक घ्या. आपल्याच पोरा-पोरींना शिकवा. आपल्या वारणेत मुलांच्या बालवाद्यवृंदाचं नाव महाराष्ट्रभर झालं. मग ह्या गावच्या पोरांना वाजवता येत नाही असं कोण म्हणेल? भाड्यानं आणलेला आवाज दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून निघून जातो. शिकवलेला हात वसाहतीत राहतो.

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. ही मी आजवर घरातसुद्धा सांगितली नाही.

बरीच वर्षं झाली. ६ डिसेंबरची संध्याकाळ होती. हंगाम जोरात. तेव्हा विहार म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. वंदना सुरू व्हायची होती. मी दारात टेबल मांडून पावत्या फाडत बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आली. कडेवर लेकरू, अंगाला उसाच्या पाचटाची कुसळं, हात कोयत्यानं चरबरलेले. टोळीतली होती, बीडकडची. कारखान्याच्या माळावर त्यांच्या कोप्या पडायच्या. ती दाराच्या बाहेर, लांब उभी राहिली. आत बघत होती. मला वाटलं काहीतरी मागायला आली असेल. मी मान खाली घालून पावत्या लिहायला लागलो. थोड्या वेळानं ती जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, हितं बाबासायबाचं हाय ना? मेणबत्ती लावायची व्हती. आमी वर्गणी दिली न्हाई, मग आत येऊ का?"

आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? मी म्हणालो, "थांबा जरा, कार्यक्रम झाल्यावर लावा."

मी हाकललं नाही. रागानं बोललो नाही. आत गर्दी होती, पाहुणे यायचे होते, तिचे पाय मातीचे होते, सतरंजी नवी होती. असलं काहीतरी डोक्यात होतं. कार्यक्रम झाला. बाहेर आलो तेव्हा बाई नव्हती. पहाटे चारला तोडीला जायचं असणाऱ्या बाईनं दहापर्यंत थांबायचं कसं? दाराबाहेर, भिंतीच्या कडेला, वाऱ्याला आडोसा करून एक मेणबत्ती लावलेली होती. ती विझत आली होती.

त्या रात्री मला आजीची बुट्टी आठवली. आजीच्या आईनं लांब उभं राहून हाळी दिली, त्या दारात कुणीतरी वरच्या जातीचा माणूस होता. ह्या दारात मी होतो. पंचशील म्हणणारा, गळ्यात निळा रुमाल घातलेला मी.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मी माळावर गेलो. शंभरभर कोप्या. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. पुढं प्रत्येक हंगामात काट्यावर गाडी आली की मी गाडीवरच्या बायकांची तोंडं बघायचो. ती बाई मला पुन्हा दिसली नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक गणित आहे. ऊसतोडीची माणसं पाडव्याच्या आसपास गावाकडं परततात. आपली १४ एप्रिलची जयंती त्यांना इथं सापडत नाही. त्यांना सापडतात ते ६ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी आणि ७ फेब्रुवारी. म्हणजे ज्या दिवशी आपण कार्यक्रम थोडक्यात उरकतो, तेच दिवस त्यांच्या वाट्याचे. त्यांच्या लेकरांची शाळा तर दरवर्षी अर्ध्यात सुटते. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही थांबल्या. पण आपल्या विहारात संध्याकाळी दोन तास दिवा लावून त्या लेकरांना बसवायला कुणाचा शासन निर्णय लागतो का?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. माणगावच्या माणसांसारखा आपणही एक ठराव करावा, आजच, ह्याच सभेत, हात वर करून.

पहिलं, कुठलाही कार्यक्रम झाला की पंधरा दिवसांच्या आत जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर लागला पाहिजे. पैशाचा आणि त्याच्याखाली एक ओळ, मागे काय उरलं त्याची. आणि वर्गणीतून आधी अभ्यासिकेचा वाटा बाजूला काढायचा, मग मांडवाचं बघायचं. आज उलट चालतं.

दुसरं, खजिनदार महिला मंडळातून निवडावी. अभ्यासिकेचे पैसे त्यांनी जमवले होते आणि घालवले मी. वही ज्यांनी जमवलं त्यांच्याकडं असावी.

तिसरं, मिरवणूक दरवर्षी निघावी, रस्त्याच्या मधून निघावी, पण आपल्या पोरा-पोरींच्या हातच्या वाद्यांवर, आणि दहाला संपावी.

आणि चौथं, ६ डिसेंबरला आपल्यातल्या दहा जणांनी दुपारीच माळावर जावं, कोप्यांत जाऊन सांगावं, की आज अमुक वाजता वंदना आहे, या. कार्यक्रम त्यांच्या वेळेला घ्यावा, आपल्या नव्हे. दारात पावतीचं टेबल नको. पायपुसणंसुद्धा नको. पहिली मेणबत्ती त्यांच्यातल्या बाईच्या हातानं लागावी.

माझं वय झालंय. पुढच्या हंगामाला मी असेन, नसेन. डोळ्यांना पावतीवरचं अक्षर दिसत नाही. म्हणून जुन्या हिशेबाच्या सगळ्या वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. त्या विहाराच्या कपाटात ठेवा. ज्या पानावर अभ्यासिकेचे पैसे वळवल्याची माझी सही आहे, तिथं मी खूण घातली आहे. ते पान फाडू नका. पोरांना दाखवा आणि सांगा, हिशेब असाही चुकतो.

बुद्धांनी कुठल्याच दाराला उंबरा ठेवला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याच्या दारातून उठवून आपल्या घरात आणून बसवलं. आता आपल्या दाराबाहेर कुणी उभं राहिलेलं नाही ना, एवढं दर सणाला उठून बघत जाऊ या. सण साजरा झाला की नाही ते त्यावरून कळेल.



नमो बुद्धाय! जय भीम! जय शाहू! जय संविधान!